वेबपानाच्या कारागिराची पेटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. संगणकाशी माझी ओळख पत्र टाइप करण्यापुरती आणि विजेचं बिल भरण्यापुरती. अशा माणसाने वेबपानं घडवणाऱ्यांच्या हत्यारांवर बोलायचं म्हणजे शिंप्याने लोहारकामावर व्याख्यान देण्यासारखं आहे. पण गेल्या वर्षी दोन महिने मी एका लोहाराच्या भात्याशेजारी बसून होतो. हा लोहार म्हणजे माझी भाची. पुण्यात एका कंपनीत ती फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. फ्रंट-एंड म्हणजे दुकानाचं दर्शनी दालन. गोदामात माल कुठे ठेवलाय, हिशेब कोण लिहितो, ते पाहणारे लोक वेगळे. गिऱ्हाइकाला जे दिसतं, ऐकू येतं, ज्यावर ते बोट ठेवतं, तेवढं सगळं हिच्याकडे.

तिच्या शेजारी बसायची वेळ का आली, ते आधी सांगतो.

माझा पहिला कवितासंग्रह २००१ साली निघाला. मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांनी त्याची मुद्रितं तपासली होती. २००४ मध्ये एका हौशी मुलाने त्यातल्या कविता इंटरनेटवर एका मोफत जागेत मांडल्या. पुढे ती मोफत जागा बंद झाली आणि पानं गेली. मीही विसरलो. मग २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं आणि संग्रहाच्या उरलेल्या प्रती चिखलात गेल्या. एक प्रत वाचली, तीही फुगलेली, पानाला पान चिकटलेली. इकडे सरांचे डोळे काचबिंदूने गेले. आता ते दापोलीला मुलाकडे असतात. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. म्हणाले, "अरे, तुझं ते पुस्तक पुन्हा ऐकावंसं वाटतं. नातवाने संगणकावर वाचणारं यंत्र बसवून दिलंय. कुठे मिळेल का बघ."

भाचीला विचारलं. तिने पहिलं हत्यार काढलं ते वेबॅक मशीन. ब्रूस्टर काल यांनी अमेरिकेत १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था काढली. वेबवरच्या पानांच्या तारीखवार नकला करून ठेवणं हे तिचं एक काम. २००१ पासून त्या नकला कोणालाही पाहता येतात, पैसे लागत नाहीत. जुना पत्ता टाकायचा, वर्ष निवडायचं. सगळंच तिथे सापडतं असं नाही. माझ्या अकरा पानांपैकी नऊ सापडली. वीस वर्षांपूर्वी हरवलेला माणूस एसटी स्टँडवर अचानक समोर यावा, तसं मला झालं.

तोच पत्ता सरांच्या नातवाला पाठवला. दहा मिनिटांत सरांचा फोन. "तुझी कविता वातात बरळतेय रे! के म्हणते, डॉलर म्हणते, अ‍ॅट म्हणते."

भाची हसली नाही. तिने पानावर माउसची उजवी कळ दाबली आणि 'व्ह्यू पेज सोर्स' हा पर्याय निवडला. पानाच्या पाठीमागचा मजकूर समोर आला. माझ्या कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती.

त्याचं कारण असं. त्या काळच्या बऱ्याच फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फाइलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर. फॉन्टचा अंगरखा चढला की ते मराठी दिसायचं. प्रत्येक कंपनीची घरं निराळी. म्हणून मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं तेव्हा 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' असं सांगत, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. युनिकोड तेव्हा होतं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र वाडा आहे, आणि त्याची आखणी भारताच्याच 'इस्की' या १९८८ च्या मानकावरून केलेली आहे. पण २००४ मध्ये अनेक घरगुती संगणकांवर युनिकोडमधलं मराठी नीट जुळून दिसत नसे. त्या हौशी मुलाचा दोष नव्हता. डोळ्यांपुरतं त्याने काम चोख केलं होतं. सरांच्या संगणकावरचं यंत्र मात्र अंगरखा पाहत नाही. आत जे साठवलंय तेच ते वाचतं.

हे यंत्र म्हणजे एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. ते मोफत आहे. भाची म्हणाली, "मामू, ज्यांना उत्तम दिसतं, त्या डेव्हलपरांनीही हे आपल्या संगणकावर ठेवलं पाहिजे. केलेलं पान डोळे मिटून एकदा ऐकायचं."

मग रूपांतर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात, फॉन्टागणिक वेगळे. ऐकायला सोपं वाटतं. पण जुना फॉन्ट अक्षरं लिहायच्या क्रमाने साठवतो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, म्हणताना क आधी येतो. रफाराचं त्याच्या उलट. सगळी अदलाबदल नीट व्हावी लागते, आणि माझ्या बाबतीत ती एका जागी फसली.

माझ्या एका कवितेत सह्याद्रीतल्या दऱ्या आहेत. दुसऱ्या एका कवितेत दर्या आहे, आमच्या बंदरावरच्या लोकांचा, म्हणजे समुद्र. दऱ्यांमधला र आडव्या चंद्रकोरीसारखा असतो, दर्यामधला र डोक्यावर रफार होऊन बसतो. युनिकोडमध्ये चंद्रकोर हवी तर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. परिवर्तकाला हा भेद माहीत नव्हता. त्याने सगळ्या चंद्रकोरींचे रफार केले. कोयनेच्या बाजूच्या डोंगरात समुद्र घुसला! वाऱ्याचं, किनाऱ्याचं, साऱ्यांचंच तसं झालं. आधी हसू आलं, मग घाम फुटला. कारण नुसतं 'शोधा आणि बदला' केलं असतं, तर खरा दर्याही दऱ्या झाला असता. आणि 'आचार्य', 'सूर्य' यांचे रफार तर हलवायचेच नव्हते. शेवटी भाचीने संशयित शब्द तेवढे रंगवून दाखवणारी चार ओळींची जावास्क्रिप्ट लिहिली आणि मी पुरातून वाचलेली प्रत मांडीवर घेऊन एकेका शब्दाला हो-नाही म्हणत गेलो. काही पानं वाफेवर धरून सोडवावी लागली. दोन कवितांची पानं वेबॅकमध्ये नव्हतीच, ती या प्रतीवरून नव्याने टाइप केली.

आता ती तीन नावं सांगतो, कारण पुढे त्यांच्याशिवाय चालणार नाही. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. टिम बर्नर्स-ली यांनी जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. एचटीएमएल त्यांचीच. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असं ती सांगते. सीएसएस म्हणजे पोशाख: रंग, आकार, अंतर. होकन व्हियूम ली यांनी १९९४ मध्ये ती सुचवली. जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. तिघींची ताळेबंद माहिती एमडीएन या संदर्भस्थळावर मिळते. मोझिला या संस्थेने २००५ मध्ये ते सुरू केलं. भाची पूर्वी कधीतरी डब्ल्यू-थ्री-स्कूल्सवर शिकली, ते नॉर्वेतल्या लोकांचं, १९९८ पासूनचं. शिकायला ते बरं, पण काम करताना तिची खिडकी सतत एमडीएनवर उघडी असते. शब्दकोश लेखकाच्या टेबलावर असतो तसं. हे दोन्ही मराठीत नाहीत, याची मला खंत वाटते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला फूल कुठे लावायचं ते शिकण्याआधी इंग्रजीचं कुंपण ओलांडावं लागतं.

लिहिण्यासाठी तिच्याकडे व्हीएस कोड नावाचा संपादक आहे. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला, तोही मोफत. वेगवेगळ्या भागांना तो वेगवेगळा रंग देतो, कंस मिटायचा राहिला तर खाली लाल नागमोडी रेघ ओढतो. आणि गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट केलं. प्रत्येक बदलाची नोंद, कधी केला, का केला, हवं तर मागे जा. मी तीस वर्षं कवितांचे खर्डे फाडून टाकले. गिट पाहिल्यावर त्यांची आठवण होऊन जिवाला लागलं. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही कोड लिहून देतात. भाची ती वापरते, पण त्यांनी लिहिलेली ओळ तपासल्याशिवाय ठेवत नाही. "फार आत्मविश्वासाने चुकतात, मामू," एवढंच म्हणाली.

पण पेटीतलं सगळ्यात मोलाचं हत्यार कुठून आणावंच लागत नाही. ते तुमच्या संगणकावर आत्ता आहे. क्रोम, फायरफॉक्स किंवा एज उघडा आणि एफ-१२ ही कळ दाबा. पानाच्या कडेला एक खिडकी उघडते. पानावरच्या कुठल्याही अक्षराकडे बोट दाखवा, ते कोणत्या फॉन्टमध्ये आहे, किती मोठं आहे, त्याला हे अंतर कोणी दिलं, सारं तिथे उलगडतं. तिथल्या तिथे बदलूनही पाहता येतं. पान ताजं केलं की सगळं पूर्ववत. कोणाचंही काही बिघडत नाही. याआधी हे काम करायला फायरफॉक्सला फायरबग नावाची पुरवणी जोडावी लागे. जो ह्यूइट यांनी २००६ मध्ये ती केली होती. पुढे ब्राउझरांनी त्या सोयी स्वतःतच घेतल्या आणि २०१७ मध्ये फायरबगचं काम थांबलं. मी पहिल्यांदा एफ-१२ दाबली तेव्हा घड्याळजीने मागचं झाकण उघडून दाखवावं, तसा बघत राहिलो. मग वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांची झाकणं उघडायचा नादच लागला. भाचीने दटावलं, तेव्हा थांबलो.

या खिडकीनेच आमचा मोठा घोळ पकडला. पानाचा सांगाडा तिने एका हिंदी संकेतस्थळासाठी केलेल्या जुन्या कामावरून घेतला होता. अक्षरांना नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट लावला. माझ्या डोळ्यांना काहीतरी खुपत होतं. शब्द माझेच, पण वळण परकं. मग लक्षात आलं, ल आणि श हिंदीचे होते! आपण मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं आहेत. भाची म्हणाली, "फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत. कुठलं काढायचं हे पानाची भाषा पाहून ठरतं." एफ-१२ च्या खिडकीत पहिल्याच ओळीत भाषेची खूण होती, लँग, आणि तिच्यापुढे एच-आय, म्हणजे हिंदी. तिने ती दोन अक्षरं खोडून एम-आर केली, म्हणजे मराठी. कळ दाबताच सगळ्या पानभर पाकळ्या उमलल्या.

त्याच दोन अक्षरांचा दुसरा परिणाम दापोलीला झाला. आदल्या दिवशी सर तक्रार करत होते, की यंत्र माझी कविता हिंदीच्या हेलात म्हणतंय. स्क्रीन रीडर कुठला आवाज काढायचा ते त्याच खुणेवरून ठरवतो. खूण बदलल्यावर आवाज मराठी झाला. यंत्राचाच, थोडा रुक्ष, पण मराठी. वेबवरची कितीतरी मराठी पानं अजून इंग्रजीची खूण कपाळावर घेऊन फिरतात, कारण तयार सांगाड्यात ती तशीच येते आणि कोणी झाकण उघडून बघत नाही. तुम्ही शाळेचं, पतसंस्थेचं, ग्रामपंचायतीचं पान सांभाळत असाल, तर आज घरी जाऊन ही एक ओळ बघा. दोन अक्षरांचं काम आहे.

फॉन्टांची मात्र आता चंगळ आहे. गूगल फॉन्ट्स २०१० मध्ये सुरू झालं आणि तिथले फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, छापायला, पानावर लावायला, कशालाही पैसे नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' तिथे आहेत. जगातल्या साऱ्या लिप्यांसाठी गूगलने 'नोटो' करवून घेतला तो, अक्षर नसलं की जे रिकामे चौकोन दिसतात, ते दिसू नयेत म्हणून. कवितांसाठी आम्ही शेवटी 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. कॅनडातल्या तिरो टाइपवर्क्सचा हा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. जुन्या छापखान्यातल्या पुस्तकाची आठवण करून देतो. अर्पणपत्रिकेत माझ्या अब्बांचं नाव उर्दू लिपीत आहे. त्यासाठी नोटो नस्तालिक उर्दू लावला आणि त्या ओळीला उजवीकडून डावीकडे जाण्याची खूण दिली. ती दिली नाही तर पूर्णविराम उडी मारून भलत्याच टोकाला जाऊन बसतो. नस्तालिक अक्षरं तिरपी उतरतात, त्यांना देवनागरीपेक्षा जास्त उंचीची ओळ लागते. अब्बांच्या नावाचा खालचा भाग आधी कापला जात होता, ओळ उंच केल्यावर ते सुटं झालं.

इंग्रजीसाठी केलेल्या सांगाड्यात आणखी एक खोड असते. शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांत अंतर टाकलेलं असतं. रोमन लिपीला ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात, शब्द दोरीवरून सुटलेल्या कपड्यांसारखा दिसतो. अंतर शून्य करायचं. तसंच ओळींमधली जागा वाढवायची, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

शेवटी तपासणी. एफ-१२ च्याच खिडकीत पान फोनच्या रुंदीत बघता येतं आणि इंटरनेट मुद्दाम मंद करून पाहता येतं. आमच्या कोकणात मुद्दाम करायची गरज नसते, ही गोष्ट वेगळी. लाइटहाउस नावाचं साधन तिथेच असतं. ते वेगाला आणि सुगम्यतेला शंभरपैकी गुण देतं. मी हौसेने मळकट पांढऱ्यावर फिकट तपकिरी अक्षरं निवडली होती. त्याने शेरा मारला, रंगभेद अपुरा. साध्या मजकुरासाठी आंतरराष्ट्रीय नियम निदान साडेचारास एक एवढ्या फरकाचा आहे. मी हुज्जत घातली, भाचीने ऐकलं नाही. अक्षरं काळपट झाली. आता माझ्या चष्म्यालाही ती बरी पडतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. एखादी नवी सीएसएस सोय जुन्या फोनवर चालेल का, हे 'कॅन आय यूज' या स्थळावर ती बघायची. आणि डब्ल्यू-थ्री-सी, म्हणजे वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिचा व्हॅलिडेटर मिटायच्या राहिलेल्या खुणा लाल शाईने दाखवतो. आमच्या सरांसारखाच.

सगळं झालं. गुण शंभर. पत्ता दापोलीला गेला. दोन दिवस काही नाही, मग फोन.

"ऐकलं. चांगलं झालंय," सर म्हणाले. "पण ती गलबताची कविता. तिसरं कडवं आणि चौथं कडवं यंत्र एका दमात म्हणतंय. तिथे मोकळी ओळ होती. मीच तुला ठेवायला लावली होती."

मी फुगलेली प्रत उघडली. मोकळी ओळ होती. भाचीला फोन केला. तिने जीभ चावली. एचटीएमएल आपण मारलेल्या एंटर गिळून टाकते, ओळ मोडली आहे हे तिला खुणेने सांगावं लागतं. दोन कडवी तिने एकाच परिच्छेदात ठेवली होती आणि दिसायला मध्ये नुसता पोशाखाचा मोकळेपणा दिला होता. डोळ्यांना कडवी वेगळी दिसत होती, यंत्राला ती एकच होती. लाइटहाउसला हे कळलं नाही, व्हॅलिडेटरलाही नाही.

तिने दोन परिच्छेद केले, गिटमध्ये नोंद केली: "सरांनी सांगितलेली मोकळी ओळ". पाच मिनिटांनी मी दापोलीला फोन लावला. सरांनी फोन संगणकाजवळ धरला. यंत्राने तिसरं कडवं संपवलं, थांबलं, मग चौथं सुरू केलं.

"हां," सर म्हणाले. "आता दुसऱ्या संग्रहाचं काय?"